बाविसाव्या रांगेपर्यंत

१० फेब्रुवारी, सोमवार

काम मिळालं! नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्या आम्ही शिवणार. बावीस रांगा, एका रांगेत अठरा, एकूण तीनशे शहाण्णव. गळक्या छपरापायी दोन वर्षं बंद पडलेलं नाट्यगृह १२ एप्रिलला उघडणार आणि लोक ज्यावर टेकतील ते माझ्या हातचं असणार. लिहितानासुद्धा हसू आवरत नाहीये.

ही वही शेजारच्या बुकबाइंडरने दिली. म्हणाला, "ताई, एवढं काम आयुष्यात एकदाच येतं, रोजचं लिहून ठेवा." रोजचं काही मला जमणार नाही, पण सुरुवात तर केली.

आमचा अख्खा रस्ता या नाट्यगृहाच्या जिवावर उभा आहे. शहरात कुणीही कुणाला "कुठे भेटायचं?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "पायऱ्यांवर." त्या पायऱ्यांच्या बरोब्बर समोर आमचं दुकान. मी खुर्च्या-सोफे शिवते, हे सुतारकाम करतात. तीस वर्षं समोर राहून आत मात्र मी पाच-सहा वेळाच गेले असेन. नाटकाची वेळ तीच गिऱ्हाइकांची वेळ, जाणार कधी?

व्यवस्थापकांना पूर्वीसारखंच जाड कापड हवं होतं. मी रेक्झिनचा हट्ट धरला. कापडावर धूळ बसते, डाग पडतात, चार-पाच वर्षांत ते विटतं. रेक्झिन एका फडक्यात साफ. अर्धा तास वाद घातला तेव्हा कुठे त्यांनी हात टेकले. "ताई, खुर्च्यांतलं तुम्हाला जास्त कळतं," असं त्यांच्या तोंडून वदवून घेतलं.

घरी येऊन यांना सगळं रंगवून सांगितलं. एवढ्या मोठ्या बातमीवर "हं" म्हणाले आणि रंधा मारत राहिले. मग मी समोर जाऊन पुन्हा सांगितलं, तेव्हा चेहरा असा खुलला की जणू पहिल्यांदाच ऐकताहेत. नाटकी मेले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली रांग झाली. माझ्याकडच्या दोघी कारागीर बहिणी जुनं कापड उसवतात, हे लाकूड सांधून पॉलिश करतात, मी फोम बसवून रेक्झिन ताणते.

आज एका फालतू गोष्टीवरून भांडण झालं. मी बारीक खिळे तोंडात धरते आणि ओठांनी एकेक पुढे काढून ठोकते. वडिलांनी असंच शिकवलं. तीस वर्षं यांच्याशी सगळा संसार मी खिळे तोंडात धरूनच बोलले आहे. आणि आज एकदम खेकसले, "आधी ते तोंडातलं काढ आणि मग बोल!" बहिणी खाली माना घालून हसल्या. मला राग आला. वयाबरोबर माणसं मऊ होतात म्हणे. आमच्याकडे उलटाच कारभार.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नाट्यगृहाच्या आवाजाबद्दल लिहायचं राहून गेलं. मोठ्या बाई रोज तीन वाजता येऊन आपल्या संवादांची तयारी करतात. पंचाहत्तरी उलटलेली नटी, पहिल्या दिवशीच्या नाटकात आजीचं काम आहे. मोकळ्या रंगमंचावर उभ्या राहून अगदी घरात बोलावं तशा बोलतात आणि शेवटच्या, बाविसाव्या रांगेत शब्द न् शब्द पोचतो. माईक नाही, काही नाही. पूर्वीच्या लोकांनी काय बांधलंय! सगळं शहर याचाच अभिमान मिरवतं आणि मी सख्खी शेजारीण असून मला आज कळतंय.

तीन वाजले की हे हातातलं काम टाकून थेट बाविसाव्या रांगेत जाऊन बसतात. डोळे मिटून ऐकतात. बाईंच्या विनोदांना मोठमोठ्याने हसतात. आज बाई मला म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांसारखा प्रेक्षक मिळायला भाग्य लागतं."

लागत असेल. घरी मी जे विनोद करते त्यांवर हे भिंतीकडे बघत बसतात.

२३ फेब्रुवारी, रविवार

मुलीचा फोन आला. यांनी उचलला, "हो, हो, घे, आईशी बोल," म्हणून लगेच माझ्या हातात दिला. ती हिरमुसली. "बाबा हल्ली माझ्याशी बोलतच नाहीत." मी सांगितलं, कामात असतात गं.

फोन ठेवल्यावर यांना झापलं. पाठमोरी झापत होते, तर म्हणाले, "इकडे तोंड करून बोल ना, चेहरा दिसू दे." आता या वयात यांना माझा चेहरा बघायचाय! रागवायचं होतं ते राहूनच गेलं.

१ मार्च, शनिवार

आठ रांगा पूर्ण. रेक्झिन असं चकाकतं की बघत राहावं. व्यवस्थापक हात फिरवून गेले.

हे आज सोळाव्या रांगेत बसले होते. मागच्या दारातून वारा येतो, म्हणाले.

७ मार्च, शुक्रवार

तेरा रांगा. हे आता पाचव्या रांगेत, बाईंच्या अगदी समोर! मी टोमणा मारला, "आता रंगमंचावरच जाऊन बसा." हसले नाहीत.

बाईंनी आज तयारी लवकर आवरली. आवाज नीट लागत नाही, घसा बसलाय म्हणाल्या. उद्यापासून रंगाऱ्याची परांची रंगमंचावर लागणार, म्हणजे त्या आता एकोणीस तारखेच्या तालमीलाच येतील.

१३ मार्च, गुरुवार

हे गप्प गप्प आहेत. बाई येत नाहीत म्हणून असेल, असं मी बहिणींना म्हटलं आणि आम्ही खूप हसलो. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटत नाहीये. जेवताना मान वर करत नाहीत. दुपारी मागच्या खोलीत एकटेच बसले होते. "काय होतंय?" विचारलं तर म्हणाले, "काही नाही, म्हातारा झालो." एकसष्ट म्हणजे काय म्हातारपण?

१८ मार्च, मंगळवार

झाल्या. तीनशे शहाण्णव. बाविसाव्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर बसून मी चहा प्यायले.

१९ मार्च, बुधवार

तोंडचं पाणी पळालंय.

सगळ्या नटांची तालीम होती. मोठ्या बाई पहिलं वाक्य बोलल्या आणि ते भिंतीवर आपटून परत आलं, वर दुसऱ्या वाक्यावर चढून बसलं. पुढचं काही कळेचना. चौघं एकत्र बोलायला लागले तर रिकाम्या टाकीत डबे पडावेत तसा गोंगाट. दिग्दर्शक दहाव्या रांगेतून ओरडले, "शब्द कळत नाहीत!" मग विसाव्या रांगेत गेले आणि तिथून तर बोललेसुद्धा नाहीत, नुसतेच हात हलवले.

व्यवस्थापकांचा चेहरा पांढराफटक. ज्या आवाजासाठी हे नाट्यगृह ओळखलं जातं तोच गेला. उद्घाटनाला चोवीस दिवस उरलेत. सगळे रंगाऱ्यावर तुटून पडले. त्याने भिंतींना नवा तेलकट रंग दिलाय, त्याच्यानेच आवाज घुमतो म्हणे. तो बिचारा "असं कसं होईल" एवढंच म्हणत राहिला. मीही मान डोलावली. रंगच असणार, दुसरं काय?

आणि आमचे हे! सगळ्यांच्या तोंडावर प्रेतकळा आणि हे शीळ घालत घरी आले. मी म्हटलं, "अहो, लाज वाटू द्या थोडी." तर मला विचारतात कसे, "सगळ्यांनाच कळत नव्हतं ना? बाविसाव्या रांगेत कुणालाच नाही ना?" नाही म्हटल्यावर चक्क दोन वेळा भात वाढून घेतला. या माणसाच्या मनात काय चालतं ते देवालाच ठाऊक.

२० मार्च, गुरुवार

रंगाऱ्याला सगळ्या भिंती खरवडायला सांगितल्या. सकाळी तो पायऱ्यांवर डोकं धरून बसला होता. मला त्याची दया आली आणि त्याच क्षणी हायसंही वाटलं, की खापर आपल्यावर नाही. हे लिहायला नको होतं, पण खरं आहे.

दुपारी दुकानात यांनी रंधा खाली ठेवला. म्हणाले, "रंगाचा दोष नाही. रेक्झिनचा आहे."

मी भडकले. म्हटलं, तुम्हाला काय कळतंय त्यातलं. तर शांतपणे सांगायला लागले, "पहिल्या रांगा बदलल्या तेव्हा बाविसाव्या रांगेत सगळं कळत होतं. आठ झाल्या तेव्हा सोळाव्या रांगेत यावं लागलं. तेरा झाल्यावर पाचव्यात. तेव्हा रंगाऱ्याने डबासुद्धा उघडला नव्हता. जाड कापड आवाज पिऊन टाकायचं. हे चकचकीत कातडं सगळा परत फेकतं."

मी वही काढून पाहिली. तारखा, रांगा, सगळं बरोबर. माझ्याच अक्षरात.

दिग्दर्शकाला जे कळलं नाही, बाईंना कळलं नाही, ते यांना तीन आठवड्यांपूर्वी कळलं होतं. इतक्या तिखट कानांचा माणूस घरात असून मला पत्ता नव्हता! "मग तेव्हाच का नाही बोललात?" विचारलं, तर म्हणाले, "मला वाटलं, दोष माझाच आहे." भिडस्त स्वभाव, दुसरं काय.

आता उद्या काय करू? गप्प बसले तर तो रंगारी भिंती खरवडत बसेल आणि बारा एप्रिलला सगळ्या शहरासमोर नाट्यगृहाची शोभा होईल. बोलले तर ज्या रस्त्यावर तीस वर्षं नाव कमावलं तिथे मान खाली घालून चालावं लागेल. कापडाला नाही मीच म्हटलं होतं. अर्धा तास भांडून.

२१ मार्च, शुक्रवार

बोलले.

आधी रंगाऱ्याला सांगितलं. तो शिडीवर होता, खाली उतरला, खरवडायचा पत्रा बाजूला ठेवला आणि म्हणाला, "काकू, दोन दिवस मी बायकोला सांगतोय, रंगाला आवाज नसतो, रंगाला आवाज नसतो. आता घरी येऊन तुम्हीच सांगा." मला रडूच आलं. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

व्यवस्थापक मात्र खूप बोलले. बोलायलाच हवे होते. शेवटी म्हणाले, "कशावरून खुर्च्याच? पुन्हा नुसत्या अंदाजावर मी काही करणार नाही." तेव्हा हे पुढे झाले. म्हणाले, "चार वाजेपर्यंत थांबा."

आणि मग मी जे पाहिलं ते जन्मात विसरणार नाही. हे रस्त्याने दुकानादुकानांत गेले. बुकबाइंडर, शिंपी, छत्रीवाला, चष्मेवाला, कोपऱ्यावरचा चहावाला, सगळे घरून चादरी, घोंगड्या, रजया, अंथरुणं खांद्यावर घेऊन पायऱ्या चढायला लागले. शिंप्याची सासू झोपली होती, तिच्या अंगावरचं पांघरूणसुद्धा काढून आणलं होतं त्याने. ती मागोमाग भांडत आली आणि आल्यासरशी कामालाच लागली. तासाभरात बावीस रांगांवर पांघरुणं पसरली. मोठ्या बाईंना घरून बोलावलं. त्यांनी वाक्य म्हटलं आणि ते आमच्यापर्यंत जसंच्या तसं, सरळ चालत आलं.

हे बाविसाव्या रांगेत होते. डोळे पुसत होते. मला वाटलं, माझ्यासाठी.

व्यवस्थापक म्हणाले, "कापड मागवतो. पण वीस दिवसांत तीनशे शहाण्णव खुर्च्या?"

शिंपी म्हणाला, "माझी दोन मशिनं इथे आणतो." मी कुणाला काही मागितलं नव्हतं.

२७ मार्च, गुरुवार

लिहायला वेळ नाही. नाट्यगृहाच्या दालनात आमचा कारखाना थाटलाय. बुकबाइंडर कापड कापतो, एक सूतही इकडेतिकडे होत नाही. शिंपी शिवतो, रंगारी रेक्झिनचे खिळे उपटतो. "माझ्यावर आळ आणणाऱ्या खुर्च्या स्वतः सोलतोय," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. चहावाला पैसे घेईना म्हणून भांडले, तर उद्यापासून साखर घालणार नाही अशी धमकी दिली. सात रांगा झाल्या.

इतकी वर्षं मी समजत होते, हा रस्ता म्हणजे शेजारी-शेजारी असलेली दुकानं. मूर्ख होते.

४ एप्रिल, शुक्रवार

आजचं आजच लिहून ठेवते.

हे सतराव्या रांगेत वाकून स्क्रू पिळत होते. वरच्या सज्ज्यातून एक फळी सुटली आणि कठड्यावरून घसरायला लागली. मी रंगमंचाजवळून किंचाळले, "अहो, बाजूला व्हा!" सगळ्यांनी वळून पाहिलं. यांनी नाही. दुसऱ्यांदा ओरडले, तरी पाठ हललीसुद्धा नाही. रंगाऱ्याने धावत येऊन यांना ओढलं. फळी हाताभरावर पडली.

मी धावत जाऊन यांनाच बोलायला लागले, लक्ष कुठे असतं म्हणून. रंगाऱ्याने मला बाजूला नेलं. हळूच म्हणाला, "काकू, काकांना ऐकू येत नाही. तुम्हाला ठाऊक नाही?"

रस्त्याला ठाऊक होतं. चष्मेवाल्याला वर्षभर ठाऊक होतं. फक्त मला नव्हतं. मी मात्र या वहीत लिहून ठेवलंय, तिखट कानांचा माणूस!

घरी येऊन सगळी पानं उलटून पाहिली. तोंडातले खिळे. मुलीचा फोन. इकडे तोंड करून बोल. सगळं मीच लिहिलेलं आणि एक अक्षर मला कळलेलं नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

५ एप्रिल, शनिवार

सकाळी चहा घेताना विचारलं. समोर बसून, हळू, ओठ नीट हलवत. दीड वर्ष झालं म्हणाले. दोन्ही कान.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू ओरडून बोलायला लागली असतीस. सगळे तेच करतात. मला तुझा नेहमीचा आवाज हवा होता, जेवढा मिळेल तेवढा."

मी कप खाली ठेवला. मग हेच पुढे सांगत गेले. घरात, दुकानात, रस्त्यावर सगळे शब्द एकमेकांत मिसळतात. पण नाट्यगृहात शेवटच्या रांगेत बाईंचं बोलणं लख्ख कळायचं. वाटायचं, अजून सगळं गेलेलं नाही. मग रांगा बदलत गेल्या आणि यांना पुढे पुढे सरकावं लागलं. यांना वाटलं, उरलेलंही चाललं. म्हणून ते मागच्या खोलीत बसत होते.

"आणि एकोणीस तारखेला कुणालाच ऐकू येईना," मी म्हटलं.

"तेव्हा कळलं, कान माझे नाही गेले, खुर्च्या गेल्यात."

"म्हणून शीळ?"

हसले. मीही हसले, आणि मग आम्ही दोघंही रडलो. सोमवारी, १४ तारखेला, कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. मशीन मिळतं, बरंच ऐकू येतं म्हणे. मुलीलाही फोन करून सांगितलं. म्हणाली, रोज चार ओळी लिहून पाठवत जाईन बाबांना.

खिळे आता डबीत ठेवते. वेग निम्मा झालाय. होऊ दे.

१० एप्रिल, गुरुवार

दुपारी शेवटची खुर्ची झाली आणि संध्याकाळी तालीम. बाईंनी रंगमंचावरून विचारलं, "शेवटच्या रांगेत काय म्हणताय?" दिग्दर्शक बाविसाव्या रांगेतून नुसते "ऐकतोय" म्हणाले, तेही न ओरडता. जीव भांड्यात पडला. व्यवस्थापकांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. मी रंगाऱ्याकडे पाहून जोडले. त्याने शिंप्याच्या सासूकडे पाहून जोडले, कारण पांघरूण तिचं होतं.

११ एप्रिल, शुक्रवार

उद्या उद्घाटन. आज दुपारी सफाई झाल्यावर सगळे गेले आणि किल्ल्या व्यवस्थापकांकडे देण्याआधी आम्ही दोघंच आत राहिलो. मी यांना म्हटलं, तुम्ही जाऊन बसा तुमच्या जागेवर. हे गेले. मी रंगमंचावर चढले. आयुष्यात पहिल्यांदा. समोर तीनशे शहाण्णव खुर्च्या आणि पार टोकाला एक माणूस. हाताने खूण केली, डोळे मिटा. मिटले.

काय बोलावं सुचेना. आभार मानायचे होते. माफी मागायची होती. त्यासाठी मोठे शब्द हवेत आणि मोठे शब्द म्हटले की माझा आवाज चढतो. मग स्वयंपाकघरातून हाक मारावी तेवढ्याच आवाजात, त्यांच्याकडे पाठ करून, म्हटलं,

"अहो, घराची किल्ली घेतलीय ना?"

वळून पाहिलं. डोळे मिटलेलेच होते. हात खिशाकडे गेला, खिसा चाचपला, आणि तिथूनच, बाविसाव्या रांगेतून, उत्तर आलं, "आहे गं."

मग मी तिथेच पाय सोडून बसले आणि बोलत राहिले. दीड वर्षाचं साठलं होतं. पाच वाजून गेले तरी उठलो नाही.